चौदा नंबरसमोरचं मैदान

नागसेन थूल कुणाच्या घरी फरशीचं काम घेतो, तेव्हा पहिल्या दिवशी हत्यारं आणतच नाही. नुसता येतो, उकिडवा बसतो आणि मधल्या बोटाचं पेर जुन्या फरशीवर आपटत खोलीभर सरकतो. टक, टक, टक. एखाद्या ठिकाणी आवाज बदलला की थांबतो आणि खडूने फुली मारतो. घरातल्यांना वाटतं, हा वेळ काढतो आहे. काम संपल्यावर पंधरा दिवसांनी तो न बोलावता पुन्हा येतो आणि आपणच बसवलेली फरशी तशीच वाजवून बघतो. हिंगणघाटात त्याच्यापेक्षा चलाख हाताचे मिस्त्री आहेत, पण काम आटोपल्यावर काळजीने परत येणारा मला हा एकच ठाऊक आहे.

अल्लीपूरच्या शाळेत तो चौथीत माझ्याकडे होता. अक्षर तिरकं पण स्वच्छ, गणितात चोख, आणि खेळायला उठवलं की मागे. आधी तो असा नव्हता. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्याचे आईवडील कापूस वेचायला गेले होते आणि धाकटी बहीण काजल त्याच्या ताब्यात होती. तो नऊ वर्षांचा, ती चार. शेताच्या विहिरीत पारवे राहतात, ते तिला बघायचे होते. विहिरीला कठडा नव्हता, काठावर गवत माजलेलं होतं. नागसेनने शहाणपणाने तिचा फ्रॉक मागून घट्ट धरून ठेवला आणि तिला वाकू दिलं. काठाची माती सुटली. फ्रॉकची पट्टी दोन बटणांसकट त्याच्या मुठीत राहिली आणि काजल खाली गेली.

मोटारपंप सुरू करायला आलेल्या एका माणसाने उडी टाकली म्हणून ती वाचली. आरडाओरडा ऐकून मी पोचलो तेव्हा तिच्या तोंडातून पाणी काढून झालं होतं आणि ती मोठमोठ्याने रडत होती. नागसेन मात्र रडत नव्हता. मूठ मिटून उभा होता. मी ती उघडायचा प्रयत्न केला, उघडली नाही. तो झोपल्यावर आईने एकेक बोट सोडवून ती पट्टी काढली, असं तिने मला नंतर सांगितलं.

काजल आता नागपूरला एका दवाखान्यात परिचारिका आहे. तिला यातलं काहीही आठवत नाही. सगळं नागसेनच्याच वाट्याला आलं. सुट्टीनंतर तो शाळेत आला तो पाय जपून टाकत. वर्गातली मुलं म्हणायची, नागसेन पाय ठेवाच्या आंदी जमिनीले इचारते. मी त्यांना दटावत असे, पण खोटं ते नव्हतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तो माझ्या स्वयंपाकघराची फरशी वाजवून बघायला आला. आवाज सगळीकडे सारखा लागला. चहा घेताना त्याने खिशातून शाळेची दोनशेपानी वही काढली, दुमडून दुमडून तिचे दोन भाग व्हायला आले होते.

"गुरुजी, एक घर पाह्यलं," तो म्हणाला. "तुमी एक खेप चाला. मले चांगलंच वाटून राह्यलं. अन् चांगलं वाटलं का मले भेव वाटते."

घराची गरज खरी होती. तो, बायको मयुरी आणि सहा वर्षांची आचल एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, मागच्या खोलीत भाड्याने राहत होते. हंगाम सुरू झाला की कापसाची बारीक तूस हवेत उडते आणि भांड्यांवर, पांघरुणावर, पापण्यांवर बसते. मागच्या दोन हंगामांत आचलचा खोकला थांबलेला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हिला इथून हलवा, औषधाने एवढंच होणार. त्यात मयुरीला पाचवा महिना लागला होता. येणारं बाळही याच हवेत पहिला श्वास घेणार, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

पाहिलेलं घर गावाबाहेर हिरवाई ले-आउटमध्ये होतं. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत तिथे कापसाचं वावर होतं. आता मुरमाचे रस्ते, सिमेंटचे नंबर लिहिलेले दगड, पंधरावीस घरं आणि बाकी गवत. चौदा नंबरचं दोन खोल्यांचं घर विकायला होतं, मालकाची बदली झाली होती. घराच्या बरोबर समोर ओपन स्पेस, म्हणजे बगिच्यासाठी सोडलेली आणि बगिचा कधीच न झालेली मोकळी जागा.

नागसेनने वही माझ्यापुढे केली. तो तिथे आठ वेळा जाऊन आला होता, दर वेळी वेगळ्या वेळेला. शाळा सव्वा किलोमीटर, महामार्ग ओलांडावा लागत नाही. कुत्री सकाळी सहा, संध्याकाळी अकरा. खांबावरचे दिवे सात, लागतात चार. नाली उघडी, पण वाहती. एका पानावर लिहिलं होतं: शेजारी. आडनाव मी आपण होऊन सांगितलं. चहा दिला. सगळ्यांना एकसारखे कप. त्या ओळीखाली त्याने रेघ मारली होती. शेवटच्या पानावर एकच शब्द होता, चेंडू, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

हे काय, म्हणून मी विचारलं. त्याने सांगितलं की समोरच्या मैदानात मुलं क्रिकेट खेळतात. कुणी कुठूनही मारला तरी चेंडू फिरून फिरून एकाच जागी येऊन थांबतो. मुलांनी तिथे क्षेत्ररक्षणाला कुणी ठेवणंच बंद केलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या गाडीवर मागे बसून गेलो. सौदा करून देणारा भूपेंद्र तिथेच भेटला. त्याच्या वडिलांचं बाजारात किराणा दुकान, हा प्लॉटच्या धंद्यात उतरला आणि स्वतः याच ले-आउटमध्ये नऊ नंबरला घर बांधून राहिला. बोलका, मोकळा माणूस. जिथे दुसऱ्याला राहायला सांगतो तिथे आपण राहतो, याचा त्याला अभिमान होता आणि तो रास्तही होता.

नागसेनने डिक्कीतून पाण्याची नळी काढली. दोन्ही टोकांना पाणी सारख्या उंचीवर उभं राहतं, त्यावरून मिस्त्री लोक फरशीची पातळी बघतात. एक टोक त्याने माझ्या हातात दिलं. चेंडू थांबायचा ती जागा आजूबाजूपेक्षा चार बोटं खोल भरली. बैलगाडीच्या चाकाच्या तिप्पट रुंदीची, आणि जवळजवळ गोल.

"नागसेनभाऊ, मैदान हाय हे, ड्रॉइंगरूम नाई," भूपेंद्र हसत म्हणाला. "काळी माती हाय. पावसाळ्यात फुगते, मंग बसते. गुरुजीले इचारा."

गुरुजींना विचारलं गेलं आणि गुरुजींनी मान हलवली. काळी माती फुगते आणि आकसते हे मी तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. नागसेनने माझ्याकडे पाहिलं, नळीतलं पाणी ओतून दिलं आणि नळी गुंडाळून ठेवली. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, ही गोष्ट मला आजही बोचते.

चार दिवसांनी मयुरी एकटीच माझ्याकडे आली. ती बारावी शिकलेली, घरी ब्लाउज शिवते, आणि रोजच्या बोलण्यात नवऱ्याच्या भित्रेपणाची टिंगल करण्याचा तिला हक्क आहे असं मानते. त्या दिवशी तिने टिंगल केली नाही. ती सकाळी पडद्यांचं माप घ्यायला चौदा नंबरला गेली होती. समोरच्या मैदानात तिला कुंकू लावलेले सात खडे एका ओळीत मांडलेले दिसले. शेजारी दहीभाताचा गोळा, अर्धं लिंबू आणि पांढऱ्याशुभ्र कापसाचा पुंजका, त्यावरही कुंकू. शेजारच्या बायका म्हणाल्या की हे मागच्या वर्षीही याच दिवसांत दिसलं होतं. एकीने आवाज खाली करून सांगितलं की चौदा नंबरवाले बदलीनं नाही गेले, करणीनं गेले.

"मानत नाई मी गुरुजी," मयुरी म्हणाली. "आमच्या घरात आजोबाच्या काळापासून हे काईच नाई. पन पोटात जीव हाय. इथं राह्यलं तर पोरगी खोकलते, तिथं गेलं तर हे."

ती बोलत असताना तिचा हात पोटावरून हलला नाही.

संध्याकाळी नागसेन आला. मला वाटलं होतं, आता हा घाबरून सौदा मोडणार. तो मैदानात जाऊन, खड्यांभोवती फिरून, सगळं वहीत लिहून आला होता. कापूस ताजा होता, या वर्षीच्या पहिल्या वेचणीचा. दहीभात घरच्या तांदळाचा.

"लिंबाचं भेव नाई मले," तो म्हणाला. "लिंबू कोनं ठेवलं अन् एवढ्या मोठ्या जागेत इथंच काऊन ठेवलं, त्याचं वाटते. चेंडू थांबते त्याच्या काठालेच ठेवलं, गुरुजी."

मी म्हटलं, कुणाची तरी श्रद्धा असेल. तो बरं म्हणाला. पण जाताना त्याने माझी नवी फरशी उगाच एकदा वाजवली.

भूपेंद्रचा निरोप आला की वर्ध्याचं एक गिऱ्हाईक सोमवारी येतं आहे, रविवारपर्यंत काय ते सांगा. म्हणून रविवारी दुपारी आम्ही चौघं गेलो, नागसेन, मयुरी, आचल आणि मी. भूपेंद्रने किल्ली दिली आणि तो पाठोपाठ येतो म्हणाला. ऊन स्वच्छ होतं. मैदानात कुणी नव्हतं, मुलं जेवायला गेली असावीत. तीन स्टंप एका बाजूला रोवलेले होते. खडे आणि भात कुणीतरी काढून टाकले होते, पण मयुरीने तिकडे पाहायचं टाळलं हे माझ्या लक्षात आलं.

घर चांगलं होतं. नागसेन उकिडवा बसून स्वयंपाकघरापासून सुरू झाला. टक, टक, टक. पुढच्या खोलीत मयुरी खिडकीशी गेली आणि शिलाई मशीन इथे ठेवलं तर उजेड डाव्या हाताने येईल, असं स्वतःशीच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा थोडं हसू होतं. नागसेन शेवटच्या कोपऱ्यापर्यंत सरकला. एकही फुली पडली नाही. तो उठला, हात झटकले.

"बरोबर वाजते," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून हा होकारच होता. मयुरीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि तिला काहीतरी बोलायचं होतं, पण तिने विचारलं ते वेगळंच.

"आचल कुठं हाय?"

ती मागच्या खोलीत नव्हती, न्हाणीतही नव्हती. पुढचं फाटक उघडं होतं.

मी बाहेर आलो तेव्हा नागसेन फाटकाबाहेर पोचला होता. मैदानात एक म्हातारी बाई आमच्याकडे पाठ करून बसलेली दिसली, डोक्यावरून पदर, शेजारी पिशवी. तिच्या पुढे सात खडे पुन्हा मांडलेले होते. आचल तिच्यापासून चार-पाच पावलं पुढे, बरोबर त्या चार बोटं खोल जागेच्या मध्यावर उभी होती. तिच्या हातात कापसाचा पुंजका होता आणि तो वाऱ्यावर उडवून ती बघत होती. म्हातारी हात हलवून तिला बोलावत होती.

"ये ना व माय इकडे. तिथं नको जाऊ. इहीर हाय खाली."

नागसेन धावत होता तो जागच्या जागी थांबला. मला वाटलं, त्याला भोवळ आली. पण तो जमिनीकडे बघत होता. काळ्या मातीला त्या दिवसांत भेगा पडतातच, त्या आडव्यातिडव्या असतात. इथे एकच भेग होती, आणि ती वाकून, वळून, आचलच्या चारी बाजूंनी फिरून परत आपल्या टोकाला मिळाली होती. नागसेन इतक्या वेळा तिथे येऊन गेला, मी तर हातात नळी धरून उभा होतो, पण मागच्या आठ दिवसांच्या उन्हाने ती आत्ता उघडली होती.

मागून मयुरी येत होती. नागसेनने तिच्याकडे न बघता हात मागे करून तिला थोपवलं. मग तो त्या भेगेशी पोटावर आडवा झाला. हळूहळू, हातपाय पसरून, जशी पाल भिंतीला चिकटते तसा.

"आचल," त्याने हाक मारली. आवाज रोजचा होता, जेवायला बोलावताना असतो तसा. "खाली बस बेटा. उभी नको राहू. बस. आता बसल्या बसल्या माह्याकडे सरक. पाय नाई उचलाचे. पाह्यतो तुले जमते का."

तिला तो खेळ वाटला. ती बसली आणि हसत हसत सरकू लागली. एकदा मध्येच थांबली, कारण कापूस हातातून सुटला होता आणि तो घ्यायला ती मागे वळली. नागसेनने तिला तो घेऊ दिला. मी त्याच्या मागे उभा होतो.

तेवढ्यात भूपेंद्र आला. "काऊन लोळून राह्यले, भाऊ?" त्याने विचारलं. म्हातारी परत म्हणाली, खाली इहीर हाय, आणि त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं.

आचल हाताच्या अंतरावर आली. नागसेनने हात लांबवला. पहिल्यांदा त्याच्या मुठीत तिच्या फ्रॉकची झालर आली. मी ते पाहिलं. क्षणभर त्याची मूठ मिटली, मग त्याने झालर सोडली आणि तिचं मनगट धरलं. एका ओढीत ती त्याच्या छातीखाली होती, आणि तो तिला घेऊन तसाच मागे सरकत राहिला, माझ्या पायांना लागेपर्यंत.

जमीन होती तशीच होती. गवताचं पातंही हललं नाही. आचलने विचारलं, "अजून एक डाव?" आणि मयुरीने तिला उचलून तिच्या खांद्यात तोंड खुपसलं.

काहीच झालं नव्हतं, म्हणून भूपेंद्रला धीर आला असावा. जुनी विहीर असेल तर बुजवलेली आहे, जमीन देणाऱ्यानेच बुजवून दिली आहे, कागदावर आहे, असं तो सांगू लागला. नागसेनने ते ऐकलं. मग तो गाडीकडे गेला आणि सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आला. पुन्हा भेगेशी आडवा झाला, हात लांब करून सब्बलीचं टोक आतल्या मातीत रोवलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. वीतभर कडक लागलं. आणखी वीतभर गेलं. मग सब्बल त्याच्या हातातून निसटली, जणू खालून कुणी ओढून घेतली. कितीतरी वेळाने, निदान मला तसं वाटलं, खालून पाण्याचा आवाज आला. आणि त्या लहानशा भोकातून कुजलेल्या पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळल्या झाडांचा, आंबूस वास वर आला.

भूपेंद्र खाली बसला. स्टंप त्याच्यापासून पाच हातांवर होते. "माहा पोट्टा रोज..." एवढंच तो म्हणाला.

म्हातारीचं नाव अनुसयाबाई. हे वावर तिचं. नवरा तानबा वारला, मुलाने जमीन ले-आउटला दिली आणि ती आता आंजीला लेकीकडे राहते. पहिली वेचणी झाली की सात बोंडांचा कापूस आणि दहीभात विहिरीवर ठेवायचा, विहिरीतल्या सात आसरांसाठी, म्हणजे पाण्यातल्या देवतांसाठी, ही त्यांच्या घरची रीत. वावर गेलं, विहीर गेली, रीत तिने ठेवली. लेकीच्या शेतातला कापूस घेऊन ती दरवर्षी एसटीने यायची, सकाळी लवकर, कारण मागे एका शेजारणीने तिला हाकललं होतं. या खेपेला मांडलेलं कुणी काढून टाकल्याचं तिला कळलं, म्हणून ती परत आली होती.

विहीर कशी बुजवली, ते मी तिला विचारलं.

"चार दिवस ट्रॅक्टरनं पऱ्हाट्या टाकल्या पोरानं," ती म्हणाली. "वरून माती. मी म्हनो, गोटे टाक बाप्पा. इहीर का चूल हाय, पऱ्हाट्या टाकाले? तो म्हने, पऱ्हाट्या घरच्या हायेत, गोटे कोन आनन."

कापूस निघून गेल्यावर शेताशेतात पऱ्हाट्यांचे ढीग पडलेले असतात. उचलून न्यायला कुणी मिळत नाही, बरेच जण पेटवून देतात. एवढा मोठा खड्डा समोर आहे आणि एवढ्या पऱ्हाट्या दारात आहेत, म्हटल्यावर आमच्याकडच्या कुणालाही तेच सुचलं असतं. वर्षभर त्या मातीला धरून राहिल्या. मग कुजल्या आणि खाली बसत गेल्या. वरची माती मात्र पापुद्र्यासारखी तशीच राहिली.

तुम्ही आधी कुणाला का नाही सांगितलं, असं मयुरीने जरा रागानेच विचारलं.

"कोनं इचारलं मले?" अनुसयाबाई म्हणाली. "हाकललं तं सगळ्यायनं." मग तिने आचलचा गाल बोटांनी कुरवाळला आणि बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली.

सौदा त्या दिवशी झाला नाही. भूपेंद्रने तिथल्या तिथे मैदानाला दोर बांधला आणि दोन दिवसांत यंत्र आणलं. माती बाहेरून थोडी खरवडताच मधला सगळा भाग एकदम आत गेला. चालकाने यंत्र मागे घेतलं नसतं तर तेही गेलं असतं. खाली पंचेचाळीस फूट काळोख होता आणि विहिरीचं जुनं दगडी बांधकाम अजून शाबूत होतं. बघायला अख्खं ले-आउट जमलं. मैदानात खेळलेल्या प्रत्येक मुलाला त्याच्या आईने त्या दिवशी एकदा तरी धपाटा घातला असेल, कारण नसताना.

मयुरीने मनातून घर सोडून दिलं होतं. नवरा आता त्या रस्त्यानेही जाणार नाही, असं ती मला म्हणाली, आणि तिचा आवाज असा होता की मी काही समजावलं नाही. जिनिंग सुरू झालं होतं. आचल तोंडाला ओढणी बांधून शाळेत जात होती. नागसेन आठ दिवस नुसता कामावर गेला, आला. मयुरीने एकदा दोनदा दुसऱ्या ले-आउटचं नाव काढलं. तो तिकडे जाऊन आला, वहीत काही न लिहिता.

नवव्या दिवशी तो माझ्याकडे आला. त्याने भूपेंद्रला विचारून ठेवलं होतं. विहीर बुजवायची नाही. दगडी काठावर कंबरभर कठडा, वर लोखंडी गजांची जाळी, जाळीला कुलूप. तेवढं झालं तर तो चौदा नंबर घेणार होता.

मी त्याला विचारलं, विहिरीसमोर राहशील तू?

"भेव तं वाटनच," तो म्हणाला. "पन गुरुजी, जिथं जाईन तिथं काई ना काई बुजवलेलं असनच. तिथचं मले कोन सांगन? इथचं माहीत झालं. दिसते हे इहीर. दिसते त्याच्यावर नजर ठेवता येते."

भूपेंद्रने कठडा बांधून घेतला. वरची फरशी नागसेनने स्वतः बसवली आणि त्याची मजुरी घेतली नाही, भूपेंद्रने आग्रह केला तरी. डिसेंबरच्या शेवटी ते राहायला गेले. मार्चमध्ये मुलगा झाला. आचलचा खोकला कमी आहे, गेला असं मी म्हणणार नाही. पहिल्या वेचणीच्या वेळी यंदा अनुसयाबाई आली, तेव्हा मयुरीने तिला घरात बसवून चहा दिला. कापूस आणि दहीभात अनुसयाबाईने कठड्यावर ठेवला. ते मयुरीने मानलं नाही आणि काढूनही टाकलं नाही.

नागसेन रोज सकाळी कामावर निघताना मैदान ओलांडतो, जाळीचं कुलूप ओढून बघतो, कठडा एका ठिकाणी वाजवतो आणि मग गाडीला किक मारतो. शेजारी आता त्यावर हसत नाहीत. कधी तो गावाला गेला असेल तर भूपेंद्र कुलूप बघून येतो.

बाळाच्या नामकरणाला काजल नागपूरहून आली होती. जेवणं झाल्यावर सगळे मैदानात खुर्च्या टाकून बसलो. काजलला विहीर बघायची हौस. ती कठड्यावर ओणवली, जाळीला नाक लावून म्हणाली की आत पारवे आलेत. भावाची थट्टाही केली, की याने विहिरीलासुद्धा कुलूप लावलं. नागसेन माझ्याशी बोलत होता, आंजीच्या एका घराच्या फरशीबद्दल, कुठला दगड चांगला, कुठला पाणी धरतो. त्याचं बोलणं जराही अडखळलं नाही. पण बोलता बोलता तो उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिला होता, आणि काजल सरळ होईपर्यंत त्याचा हात तिच्या दंडाभोवती होता, ओढणीला नाही.